हाताला काम द्या

श्रोतेहो, मी इतिहासाचा शिक्षक. वाशिमच्या एका शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ मी मुलांना वाकाटक शिकवले. आपले वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ज्या रस्त्यांवरून मुले रोज सायकल मारत शाळेत येतात त्याच गावाचा हा इतिहास आहे, हे सांगताना मला दरवर्षी नवा हुरूप यायचा.

२०१७ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळा नुकतीच उघडली होती. नववीच्या वर्गात मी फळ्यावर 'वत्सगुल्म' हा शब्द लिहीत होतो. अर्धा शब्द झाला आणि खडू हातातून पडला. उचलायला वाकलो, तर बोटे खडूपर्यंत पोहोचली, पण मिटेनात. मुले हसली. त्यांना वाटले, सर गंमत करताहेत. मलाही क्षणभर तसेच वाटले.

आपल्याकडे याला 'लकवा मारला' म्हणतात. पलीकडे मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. पुस्तकात अर्धांगवायू किंवा पक्षाघात. नाव काहीही असो, मेंदूची एखादी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग उपाशी मरतो. माझी डाव्या बाजूची वाहिनी तुंबली आणि उजवे अंग गेले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मला फार उशिरा कळले. आम्ही तो वेळ लिंबाचे सरबत, थोडी झोप आणि 'संध्याकाळपर्यंत बघू' यात घालवला. अकोल्याला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दोष कुणाचा नाही, आमच्या अज्ञानाचा.

जीव वाचला. तीन आठवड्यांत काठी टेकत चालूही लागलो. जीभ जड होती, तीही सुटली. हात मात्र दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावावा तसा मांडीवर पडून राहिला. शिक्षकाचा उजवा हात! मग सुरू झाला उपायांचा शोध. आणि माणूस इतिहासाचा असल्यामुळे उपायांबरोबर त्यांच्या इतिहासाचाही शोध सुरू झाला. आज त्याविषयीच सांगणार आहे.

लकव्याच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा एक औषध घेऊन येतो. कुणी तेल सांगितले, कुणी अमुक गावचा मंतरलेला दोरा, कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले. कबुतर आम्ही वाचवले. तेल मात्र लावले, कारण चांगल्या हाताने केलेल्या मालिशीने बरे वाटते, आणि चरकसंहितेनेही वातव्याधींच्या अध्यायात पक्षाघातासाठी स्नेहन, स्वेदन आणि विरेचन सांगितलेच आहे. तो ग्रंथ लिहिला गेला तेव्हा हा आजार मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते. १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने अशा झटक्याने दगावलेल्यांची शवविच्छेदने प्रसिद्ध केली आणि मेंदूत झालेला रक्तस्राव दाखवून दिला. म्हणजे शिवाजी महाराज तरुण होते तेव्हाची ही गोष्ट. कारण कळले, तरी पुढे फार काळ युरोपातही त्यावर गुणकारी उपचार नव्हता.

पाय आला आणि हात का नाही, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर कॅनडातल्या माँट्रियल शहरात मिळते. तिथे वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यचिकित्सक जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचा अगदी हलका स्पर्श करून कुठला अवयव हलतो याची नोंद करीत. १९३७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याचा नकाशाच छापला. त्या नकाशात पाठ-पोटाला चिमूटभर जागा आहे आणि हाताला, बोटांना, चेहऱ्याला ऐसपैस. जेवढे काम बारीक तेवढा मेंदूचा भाग मोठा. त्यातही मेंदूची जी मधली धमनी सर्वांत जास्त वेळा तुंबते, ती नेमकी हाताच्या आणि चेहऱ्याच्या भागाला रक्त पुरवते. पायाचा बराचसा भाग दुसऱ्या धमनीवर आहे. शिवाय पाय अर्धामुर्धा आला तरी माणूस चालतो. अर्ध्या आलेल्या हाताने शर्टाचे बटण लागत नाही.

पहिले सहा आठवडे मी एका ठिकाणी विजेचा शेक घेतला. रोज जायचे, पलंगावर पडायचे, हाताला पट्ट्या लावायच्या, अर्धा तास मुंग्या येऊ द्यायच्या आणि पैसे देऊन घरी यायचे. त्या अर्ध्या तासात मला काहीही करावे लागत नसे, आणि तेच मला आवडत होते. विजेच्या उत्तेजनाचा उपयोग असतो, नाही असे नाही. पण तो रुग्ण स्वतः हात हलवायची धडपड करत असताना. मी तर छताचा पंखा बघत पडलेला असे. त्या सहा आठवड्यांचे मला आजही वाईट वाटते, कारण लकव्यानंतरचे पहिले तीन महिने हाताच्या दृष्टीने सोन्याचे असतात. शरीराची आपणहून होणारी दुरुस्ती त्याच काळात सर्वांत जोरात चालते.

शेवटी माझा भाचा मला नागपूरला घेऊन गेला. तिथे एका तरुण बाईंनी माझा हात हातात घेण्याआधी विचारले, "सर, तुम्हाला या हाताने काय करायचं आहे?" इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "फळ्यावर लिहायचं आहे." त्यांनी माझ्यासमोर एक वाटी ठेवली. तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे मिसळलेले. म्हणाल्या, "हे वेगळे करा." खरे सांगतो, मला अपमान वाटला. या वयात बालवाडीत बसवले! तूर-हरभरा निवडायचे तर वाशिम काय वाईट होते? माझा चेहरा बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, ही आमची विद्या आहे. व्यवसायोपचार. आपल्या राज्यात ती एका निंबकर बाईंनी आणली."

निंबकर हे नाव ऐकल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. घरी आल्यावर मी त्या बाईंची माहिती काढली, आणि दाण्यांच्या वाटीकडे बघण्याची माझी नजर बदलली.

एलिझाबेथ लुंडी ही १९०० साली अमेरिकेत जन्मलेली मुलगी. तिथे शिकायला गेलेल्या विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी तिची ओळख झाली. १९३० मध्ये ती भारतात आली, लग्न करून कमला निंबकर झाली आणि मुंबईत लहान मुलांच्या शिक्षणाचे काम करू लागली. चाळिशी ओलांडल्यावर या बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेला जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या. ही विद्या तेव्हा तशी नवीच होती. तिची पहिली राष्ट्रीय संस्था अमेरिकेत १९१७ मध्ये स्थापन झाली आणि पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या निमित्ताने ती वाढली. तिचे सूत्र सोपे आहे: माणसाला त्याच्या जगण्यातले काम करायला लावा. विणकाम, सुतारकाम, स्वयंपाक, लेखन, जे त्याचे असेल ते. काम हेच औषध.

परत येऊन कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. नुसत्या स्वातंत्र्याच्या तिसऱ्या वर्षाची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या. १९५२ मध्ये या क्षेत्राची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. आपण बहुतेक गोष्टी पाश्चात्त्यांच्या मागून पन्नास वर्षांनी घेतल्या, अशी आपली समजूत असते. इथे आपण पहिल्या पंगतीत होतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला के.ई.एम.मध्येच फिजिओथेरपीचे शिक्षणही सुरू झाले. १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळच्या राष्ट्रीय पुनर्वसन संस्थेची सुरुवात झाली. आणि १९५८ मध्ये आपल्या विदर्भात, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, व्यवसायोपचाराची शाळा निघाली. तिच्यामागेही कमलाबाईच होत्या. माझ्यापुढे दाण्यांची वाटी ठेवणाऱ्या त्या तरुण बाई याच परंपरेतल्या.

१९७९ मध्ये कमलाबाई वारल्या. त्यांचे चिरंजीव म्हणजे फलटणचे शेतीशास्त्रज्ञ बी. व्ही. निंबकर, सूनबाई म्हणजे लेखिका जाई निंबकर, इरावती कर्व्यांच्या कन्या. फलटणचे 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा मराठी वाचकांना ठाऊक असते. पण ज्या कमलाबाईंचे नाव त्या शाळेला आहे त्यांनी किती लुळ्या हातांना कामाला लावले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मला तरी कुठे होते?

आता कामाने हात का येतो, याचाही एक इतिहास आहे. आणि त्याची सुरुवात, योगायोग बघा, त्याच १९१७ सालात होते. ऑग्डेन आणि फ्रान्झ या दोन अमेरिकी संशोधकांनी माकडांच्या मेंदूतला हाताचा भाग निकामी केला. काही माकडांना तसेच पिंजऱ्यात ठेवले, त्यांचा हात लुळाच राहिला. एकाचा निरोगी हात बांधून टाकला आणि लुळ्या हाताला सतत चालना देत राहिले. तो हात काही आठवड्यांत कामाला लागला. एवढा मोठा धडा, पण तो निबंध धूळ खात पडला.

मधल्या काळात वेगवेगळी घराणी निर्माण झाली. संगीतात असतात तशी. लंडनला बर्टा आणि कारेल बोबाथ हे दांपत्य म्हणे, आधी ताठरपणा आवरा, चुकीची हालचाल पक्की होऊ देऊ नका. अमेरिकेत सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या मूळच्या स्वीडिश बाई म्हणत, सुरुवातीला जी ओबडधोबड हालचाल येते तिचाच हात धरून पुढे चला. त्यांनी सुधारणेच्या पायऱ्या लिहून ठेवल्या: आधी हात लुळा, मग ताठ, मग सगळा हात एकदम वळतो, आणि शेवटी बोटे सुटी होतात. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या कार आणि शेफर्ड या बाईंनी वेगळेच सांगितले. हा रुग्ण म्हणजे नव्याने शिकणारा विद्यार्थी आहे, त्याला व्यायाम देण्यापेक्षा खरे काम शिकवा. शिक्षक असल्यामुळे मला हे घराणे सर्वांत जवळचे वाटते.

या वादाला नवे वळण दिले एडवर्ड टाउब यांनी. माकडाच्या एका हाताच्या संवेदना तोडल्या की माकड तो हात वापरणे सोडून देते. पण चांगला हात बांधला की तोच 'मेलेला' हात घास उचलू लागतो, हे त्यांनी पाहिले. म्हणजे हात पूर्ण गेलेलाच नव्हता. सुरुवातीला प्रयत्न फसले, म्हणून माकड तो वापरायचा नाही असे शिकले होते. न वापरण्याची ही लागलेली सवय! १९८१ मध्ये या माकडांच्या हालअपेष्टांवरून त्यांच्या प्रयोगशाळेवर धाड पडली, खटला झाला. शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांचा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला तो आलाच. पुढे टाउब यांनी हेच तत्त्व लकव्याच्या रुग्णांसाठी वापरले. चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सात ठिकाणच्या २२२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले हे रुग्ण. दोन आठवडे, जागेपणीच्या ९० टक्के वेळ चांगल्या हातात मोजा. त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारला, आणि वर्षभराने पाहिले तरी तो फरक टिकून होता.

हे वाचताना मला आजी आठवली. डाव्या हाताने घास उचलला की ती हातावर चापट मारायची. टाउब यांचा मोजा आणि आजीची चापट, तत्त्व एकच! पण आजारी माणसाला आपण सूट देतो. मीही महिनाभर डाव्या हातात चमचा धरून जेवत होतो, आणि उजवा हात आपली सुट्टी पक्की करत होता. नागपूरहून आल्यावर मी सौभाग्यवतींना सांगितले, आता चमचा नको. पहिल्या दिवशी वरणभात जेवायला पाऊण तास लागला, आणि अर्धा शर्टावर सांडला. ती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होती. पण तिने चमचा आणला नाही. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

एक गोष्ट आकड्यांची. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उपचार केंद्रांत बसून मोजणी केली. एका सत्रात रुग्णाचा हात खऱ्या कामाची हालचाल सरासरी फक्त ३२ वेळा करतो. आणि ज्या प्रयोगांत माकडांच्या मेंदूत हाताचा नकाशा पुन्हा उमटलेला दिसला, तिथे त्या हालचाली दिवसाला काही शे होत्या. म्हणजे 'थेरपी घेतली, पण फरक नाही' असे म्हणण्याआधी विचारायला हवे, हात कितीदा हलवला? मग मी वही केली. सकाळी शंभर दाणे, दुपारी शंभर, रात्री शंभर. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे आणि काढायचे. पाण्याचा तांब्या इकडून तिकडे. नंतर कणीक मळणे. पंचवीस वर्षांच्या संसारात न केलेली घरकामे मी लकव्यामुळे शिकलो.

आरशाची युक्तीही केली. तमिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात ती काढली, हात तुटलेल्या माणसांना त्या नसलेल्या हातात होणाऱ्या वेदनांसाठी. १९९९ मध्ये ती नऊ लकवाग्रस्तांवर वापरून पाहिली गेली. दोन हातांच्या मधे आरसा उभा ठेवायचा, दुबळा हात मागे लपवायचा आणि चांगला हात हलवत आरशात बघायचे. दिसते असे, की गेलेलाच हात हलतो आहे. पुढे ६२ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा इतर उपचारांच्या जोडीला तिचा उपयोग होतो, असे २०१८ मध्ये दिसून आले. खर्च किती? आमच्या घरी न्हाव्याचा जुना आरसा होता.

यंत्रांचे काय? हात हलवून देणारे यंत्रमानव १९९० च्या दशकापासून आहेत. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१९ चा निष्कर्ष असा, की यंत्रमानवाने नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात सरसपणा दिसला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेने मानेतल्या एका मज्जातंतूला सूक्ष्म विद्युत संदेश देणाऱ्या उपकरणाला मान्यता दिली. त्याने फायदा दिसला आहे, पण तोही कधी? रुग्ण हाताने काम करत असतो त्याच क्षणी संदेश दिला तर. फिरून फिरून गाडी कामापाशीच येते.

नागपूरच्या बाकावर मला रिसोडकडच्या एक आजी भेटल्या. त्यांचा डावा हात छातीशी वळून घट्ट मूठ झालेला. मी विचारले, घरी काय करता? त्या कौतुकाने म्हणाल्या, "मास्तर, सुना लय गुनाच्या हायेत. मले पान्याचा गिलास बी उचलू देत नाईत." मी गप्प बसलो. आपल्याकडे आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला काडी उचलू न देणे. त्याचा घास भरवायचा, त्याचे बटण लावायचे, त्याचा गिलास तोंडाला लावायचा. त्यात माया आहे, यात शंका नाही. पण त्या मायेने आजींच्या हाताला उरलेली कामेही काढून घेतली. ज्या घरात सून सासूला म्हणेल, "आत्या, या मेथीच्या जुड्या तुम्ही मोडा, कितीही वेळ लागू द्या," ते घर खरी सेवा करते, असे मला आता वाटते.

मात्र काम म्हणजे ओढाताण नव्हे. काही गोष्टी मला वेळेवर सांगितल्या गेल्या, त्या तुम्हालाही सांगतो. लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधी उठवू नका, काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचा सांधा तेव्हा नुसत्या कातडीच्या भरवशावर लोंबत असतो. दाराला कप्पी बांधून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढण्याचा व्यायाम गावोगाव चालतो. १९९० मध्ये अमेरिकेत केलेल्या तुलनेत खांदेदुखी सर्वांत जास्त कप्पी ओढणाऱ्यांनाच झाली. आणि बधिर हाताला गरम पाण्याची पिशवी लावताना तिचा चटका चांगल्या हाताने आधी तपासा. भाजलेले त्या हाताला कळत नाही.

आता मर्यादाही सांगायला हव्यात. मोज्याची ती पद्धत ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी उघडतात त्यांच्यासाठी आहे. ज्यांची मूठ पूर्ण आवळलेली आहे त्यांना ती लागू पडत नाही. सगळ्यांचे हात येत नाहीत. माझाही पूर्ण आलेला नाही. शर्टाचे गळ्याजवळचे बटण आजही सौभाग्यवतीच लावतात. सुई ओवता येत नाही. थंडीत बोटे आखडतात. जेवतो मात्र उजव्या हाताने, आणि सहीही त्याच हाताने करतो. बँकेने दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा नवी सही नोंदवून घेतली.

ही माझी कथा झाली. पण मला भाचा होता, निवृत्तिवेतनाची आशा होती, नागपूरला जाण्याइतके पैसे होते. शेतमजुरी करणाऱ्या बाईचे काय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षे अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण लकवा निघाले, साधारण सातातला एक मृत्यू. लकवा हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार, ही समजूत तिथेच संपली. आणि मरणाऱ्यांमागे, मोडका हात घेऊन जगणारे असतातच.

मग उपाय काय? एक उत्तर सोपे वाटते. घरच्यांना शिकवा आणि घरीच करून घ्या. हे उत्तर भारतात काळजीपूर्वक तपासले गेले आहे. १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांच्या घरच्यांपैकी निम्म्यांना थोडे प्रशिक्षण देऊन घरी पाठवले. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के. हे वाचून मी दोन दिवस खिन्न होतो. कारण माझी सगळी श्रद्धा घरच्या दाण्यांवर. पण विचार केल्यावर वाटले, शाळेतही हेच असते. घरचा अभ्यास हवाच, पण पालकाच्या हाती एकदा पुस्तक देऊन शाळा बंद करता येत नाही. मला दाणे घरी निवडायचे होते, पण दर महिन्याला कुणीतरी तपासायचे होते: खांदा वर उचलून फसवतो आहे का, आता दाणा बारीक करायचा की नाणे द्यायचे. त्या तपासणीसाठी मी प्रत्येक वेळी दिवस मोडून नागपूरला जात होतो. मला जवळ असा माणूस सापडला नव्हता. रिसोडच्या आजी दुसऱ्यांदा आल्याच नाहीत.

श्रोतेहो, १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात वाशिमचेही आहे. आनंदाची गोष्ट आहे. तिथे मोठमोठी यंत्रे यावीत, जरूर यावीत. पण माझी एक साधी मागणी आहे. त्या इमारतीत एक खोली अशी असावी, की जिथे टेबलावर तूर-हरभऱ्याच्या वाट्या आहेत, दोरीला चिमटे आहेत, एक आरसा आहे, आणि "तुम्हाला या हाताने काय करायचं आहे?" असे विचारणारा शिकलेला माणूस रोज हजर आहे. महिन्यातून एकदा तो माणूस मानोऱ्याला, मालेगावला, रिसोडलाही जावा. कमलाबाईंनी १९५० मध्ये जे सुरू केले ते मुंबईहून नागपूरला यायला आठ वर्षे लागली. नागपूरहून आमच्या तालुक्यांपर्यंत यायला अजून किती लागावीत?

तोवर तुमच्या घरात, शेजारी, भावकीत कुणाचा हात गेला असेल, तर त्याला भेटायला जाताना औषधाचा पत्ता नेऊ नका. शेंगा न्या, आणि म्हणा, "चला, सोलू या. घाई नाही."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)